गाडी गावावरनं जाते का गावात थांबते?

गावच्या ग्रुपवर परत तो शक्तिपीठ महामार्गाचा नकाशा फिरायला लागलाय. नागपूरवरनं निघालेली लाल रेघ, खाली गोव्याकडं जाणारी, ८०२ किलोमीटर, मधे १२ जिल्हे, आणि आपल्या भागात कुणीतरी मोबाईलवरच बोटानं गोल काढून लिहिलंय 'आता बार्शीचं सोनं होणार'. खाली अंगठ्यांची रांग. ज्यांची जमीन त्या रेघेखाली येतीय ते मात्र गप्प आहेत, त्यांनी अंगठा पण दिला नाही आणि शिवी पण नाही. याआधी सुरत-चेन्नई महामार्गाचा नकाशा असाच फिरत होता, तेव्हा पण सोनंच होणार होतं.

मी आडत्याच्या घरातला, लहानपण ज्वारीच्या आणि तुरीच्या पोत्यांवर लोळण्यात गेलं, आता पुण्यात एका वेअरहाऊसला डिस्पॅचचं बघतो. म्हणजे दिवसभर हेच, गाडी कुठं अडकली, कधी भरली, भाडं किती लावलं, परत येताना काय आणणार. त्यामुळं असा नकाशा दिसला की मला पहिला प्रश्न हा पडतो की बाबा हे सगळं ठीक, पण आमच्या माणसानं त्याच्यात शिरायचं कुठनं? रस्ता असो नाहीतर रेल्वे, त्याला गावाच्या बाजूनं एक दार लागतं, आणि ते दार आपल्या मापाचं लागतं. दहा पोती असणाऱ्याला पण त्यातनं आत जाता आलं पाहिजे. हे जमलं तिथं पेठा वसल्या, नाही जमलं तिथं गाडीचा हॉर्न तेवढा ऐकू येतो.

आणि यासाठी लांब कुठं जायची गरज नाही, आमच्याच बार्शीची गोष्ट पुरे आहे.

मुंबईवरनं सोलापूरकडं जाणारी जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, मोठी लाईन १८५९-६० च्या सुमाराला पडली तेव्हा बार्शी बाजूला राहिली. स्टेशन झालं तिकडं कुर्डुवाडीला, त्याला नाव मात्र दिलं बार्शी रोड. तेव्हा बार्शी म्हणजे मोठी पेठ, निजामाच्या मुलखातनं बालाघाटाचे डोंगर उतरून कापूस, गळिताचं धान्य, ज्वारी सगळं बैलगाड्यांनी बार्शीत यायचं, सौदे व्हायचे, आणि मग तोच माल परत बैलगाडीत घालून २१ मैलांवर स्टेशनला न्यायचा. पावसाळ्यात ही काळी माती काय करते ते आमच्याकडच्यांना सांगायला नको.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता, जीआयपीतच नोकरीला होता, त्यानं हे २१ मैल हेरले. कंपनी काढली, अडीच फुटी रूळ टाकले, आणि १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे चालू झाली. ह्या माणसाचं डोकं मला फार आवडतं. त्यानं एकच गोष्ट ठरवून टाकली की कुठल्याच चाकाच्या आसावर ५ टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही, इंजिन असो नाहीतर डबा असो. वजन सगळीकडं सारखं वाटलं की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी. आणि एवढ्या हलक्या रुळावर पण त्याचा बोगीवाला डबा १५ टन माल न्यायचा. मोठ्या लाईनची स्वस्त नक्कल करत बसला नाही, जेवढा माल होता तेवढ्यालाच पुरेल अशी गाडी बनवली.

पुढं ती लाईन वाढत गेली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, सगळी मिळून २०० मैलांच्या वर. आता ह्यातला लातूरचा भाग नीट बघा कारण खरी मेख तिथं आहे. जोपर्यंत रूळ बार्शीत संपत होते तोपर्यंत घाटावरच्या मालाला बार्शीशिवाय पर्याय नव्हता. रूळ लातूरला पोचले आणि तिकडचा माल लातूरलाच थांबायला लागला, कशाला कोण पुढं हाकतंय बैलं. लातूरची ती गंजगोलाई, मधे गोल आणि चारी बाजूंनी १६ रस्ते येऊन मिळतात ती, १९१७ ची मानतात, म्हणजे रेल्वे आल्यावर पाच-सहा वर्षांतच. कापड वेगळ्या गल्लीत, सराफ वेगळ्या गल्लीत, भुसार वेगळं. नुसतं स्टेशन बांधून मोकळे झाले नाहीत, माल उतरल्यावर तो जाणार कुठं, बसणार कुठं, विकणार कोण ह्याची पण सोय लावली. आमच्याकडचे जुने लोक अजून 'बार्शी तिथं सरशी' म्हणतात आणि खरंच होती सरशी, कापड गिरण्या होत्या, भुसार बाजार होता, अजूनही आहे. पण लातूर पुढं कसं निघून गेलं असं विचारलं की सगळे राजकारणाची नावं घेतात, नेते मोठे होते वगैरे, ते आहेच, पण १९११ कुणी काढत नाही.

योगायोग बघा, त्याच १९१७ साली तिकडं शिरोळ रोड स्टेशनजवळ शाहू महाराजांनी जयसिंगपूर वसवलं. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ची, कोल्हापुरात शाहूपुरीची गुळाची पेठ १८९५ ची. दोन्हीकडं रीत तीच, स्टेशनच्या तोंडाशी मोकळी जागा घ्यायची, सरळ रस्ते आखायचे, व्यापाऱ्याला बोलवून प्लॉट द्यायचे. आणि किर्लोस्करवाडी, १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळाची. माळ फुकट मिळाला तरी कारखाना निघत नाही हो, नांगर तयार करून पाठवायचे कसे? शेजारी रेल्वे होती म्हणून तो माळ कामाचा. आजकाल हे उलटं झालंय. तालुक्यापासून लांब कुठंतरी जमीन स्वस्त मिळाली म्हणून तिथं एमआयडीसीचा बोर्ड लागतो, मग दहा वर्षं प्लॉटवर कुसळं वाढतात, आणि मग आपण म्हणतो आपल्या पोरांना धंदा करायचाच नाही.

असो. परत बार्शी लाईटवर येतो.

ती गाडी हळू होती, तिच्यावर जोक भरपूर आहेत, ते सगळे ऐकून झालेत. १९५४ ला सरकारनं कंपनी घेतली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मागणी एकच, ब्रॉडगेज करा. मोर्चे झाले, निवेदनं झाली, प्रत्येक इलेक्शनला ब्रॉडगेज. शेवटी २००७-०८ ला लातूर-कुर्डुवाडी झालं, धाराशिव शहर जे जुन्या लाईनवर नव्हतंच ते नवीन आखणीत आलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरज पण झालं. चांगलंच झालं, मी काय त्याच्या विरोधात नाही. लातूर-मुंबई गाडी चालू झाल्यावर तिकडच्या लोकांची केवढी सोय झाली, इतकी की २०१७ ला ती गाडी पुढं बिदरपर्यंत वाढवली तर लातूरकर रस्त्यावर उतरले, आमच्या जागा जातात म्हणून.

पण व्यापाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर एक गोष्ट झाली जी कुणी बोलत नाही. छोट्या गाडीच्या काळात छोटा व्यापारी एखादा डबा बुक करायचा. आमच्या आजोबांच्या काळात दोन-तीन आडते मिळून डबा भरायचे, मालधक्क्यावर हमाल ठरलेले, काट्यावर वजन, पावती, झालं काम. आता ब्रॉडगेजला माल द्यायचा म्हणजे रेल्वेला पूर्ण रेक पाहिजे. चाळीसच्या वर डबे, अडीच हजार टनांच्या आसपास माल. आता सांगा, बार्शीचा कुठला आडत्या एका वेळेला अडीच हजार टन तूर एकट्यानं भरणार आहे? खताच्या कंपन्या भरतात, सिमेंटवाले भरतात, साखरवाले भरतात, सरकारचं धान्य येतं-जातं. बाकीच्यांनी रूळ बघायचे आणि ट्रक बोलवायचा. म्हणजे लाईन मोठी झाली आणि दार पण एवढं मोठं झालं की ते ढकलायची ताकदच आमच्यात राहिली नाही.

हे असंच चालणार असंही नाही, कारण मधे दोन वर्षं ह्याच लाईनवर उलटं घडलं होतं. सांगोला! २०२० च्या ऑगस्टमध्ये देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल निघाली आणि थोड्याच दिवसांत सांगोल्याचं डाळिंब त्याला जोडलं गेलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्यावरनंच, पार बंगालमध्ये शालिमारपर्यंत. सांगोला म्हणजे दुष्काळी तालुका, पाऊस नाही म्हणून तर डाळिंब, आणि तिथनं निघालेली पेटी कोलकात्याला. ह्या गाडीत काय वेगळं होतं? स्पीडचं सगळे सांगतात. माझ्या मते खरी गोष्ट ही की कमीत कमी इतका माल पाहिजेच अशी अटच नव्हती. पन्नास किलो, शंभर किलो, जे असेल ते आणा, चढवतो. त्या दिवशीच्या भाषणात पंतप्रधानांनी पण सांगितलं होतं की कुणीतरी ३ किलो डाळिंबाचं पार्सल पाठवलं. तीन किलो! लोक हसले असतील पण मला तो आकडा अडीच हजार टनांपेक्षा मोठा वाटतो. वर भाड्यात निम्मी सबसिडी.

मग पुढं? सबसिडी होती तोपर्यंत जोर होता. मार्च २०२२ ला ती निम्म्याची सबसिडी थांबली आणि मग गाड्या पण आटल्या. त्याच काळात तिकडच्या बागांवर खोडाला भोकं पाडणारा पिन होल बोरर आणि मर रोग आला, बागाच्या बागा काढून टाकल्या लोकांनी, म्हणजे भरायला मालच कमी. आता ह्यातनं कुणी म्हणेल बघा, सबसिडी गेली की सगळं गेलं, रेल्वेचं शेतकऱ्याला काही खरं नाही. मी म्हणतो की दोन वर्षांत एका तालुक्याच्या स्टेशनवरनं माल कोलकात्याला जाऊ शकतो हे सिद्ध झालं, आता ते विनासबसिडी कसं बसवायचं यावर डोकं लावायचं सोडून आपण नकाशे फॉरवर्ड करतोय.

त्या लाईनचा विषय निघालाच आहे तर एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २०१६, लातूरला प्यायला पाणी नाही, आणि मिरजेवरनं पाण्याची रेल्वे निघाली, कृष्णेचं पाणी, साधारण ३४० किलोमीटर. पहिल्या गाडीला १० वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, ५ लाख लिटर, नंतर ५० वाघिणींची. ती गाडी आली ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत, म्हणजे कॅलथ्रॉपच्या जुन्या रस्त्यानंच जवळजवळ. ब्रॉडगेज झालं नसतं तर ते पाणी आलं नसतं हे मान्य करायलाच पाहिजे. पण उद्योगवाल्यानं ही बातमी वाचून काय विचार केला असेल? जिथं पाणी रेल्वेनं आणावं लागतं तिथं मी फॅक्टरी टाकू? रस्ता-रेल्वे सगळं एका बाजूला, पाणी आणि लाईट एका बाजूला. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला, ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन, २०२० च्या डिसेंबरात डब्याचा पहिला सांगाडा बाहेर आला, आता वंदे भारत स्लीपरचं काम तिथं व्हायचंय. चांगलं आहे, पण लातूरच्या दालमिलवाल्याला, वेल्डिंगवाल्याला त्या कारखान्याचं काम किती मिळतं ह्यावर मी त्याचा हिशोब लावीन, गेटच्या आत काय चाललंय त्यावर नाही.

आणि खरं सांगायचं तर लातूरचा आजचा सगळ्यात मोठा धंदा कुठला? क्लासेस, कॉलेज, हॉस्टेल, मेस. लातूर पॅटर्न हा ब्रॉडगेजच्या आधीचा आहे, तेव्हा पोरं एसटीनं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं यायची. म्हणजे धंदा आधी आला आणि गाडी मागनं आली असं पण होतं. त्यामुळं 'आधी रस्ता द्या मग आम्ही धंदा करतो' हे वाक्य मला पूर्ण पटत नाही. पण पोरगं एका बॅगेत मावतं, तूर मावत नाही.

आता ट्रकचं. आमचे एक मामा ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, दोन आयशर आणि एक टॉरस. मी नोकरीला लागलो तेव्हा शहाणपणा करत त्यांना विचारलं होतं, "मामा, अंतर तेवढंच असून लातूरचं भाडं कमी लावता आणि आपल्या गावचं जास्त, असं का?" मामा म्हणाले, "आरं भाच्या, लातूरवरनं परत येताना डाळ मिळती, पेंड मिळती, तेल मिळतं. हितनं सीझन सोडला तर काय आणू, हवा भरून आणू का?" विषय संपला. लहान गावातला माल महाग पडतो तो रस्ता वाईट म्हणून कमी आणि परतीचा माल नाही म्हणून जास्त. चार पदरी झाल्यावर डिझेल वाचेल, वेळ वाचेल, पण टोल लागेल आणि रिकामी गाडी रिकामीच परत येईल. परतीचा माल तयार व्हायचा म्हणजे गावात काहीतरी बनलं पाहिजे, नाहीतर निदान आजूबाजूच्या चार बाजारांचा माल एका जागी गोळा झाला पाहिजे, चांगलं गोदाम पाहिजे, गोदामाची पावती दाखवून बँकेनं कर्ज दिलं पाहिजे, म्हणजे शेतकरी पडत्या भावाला विकणार नाही आणि ट्रकवाल्याला वर्षभर काम राहील. ह्या गोष्टीचा नकाशा निघत नाही त्यामुळं ती ग्रुपवर फिरत नाही.

आणि हे नवे महामार्ग जुन्या रस्त्यांसारखे नाहीत हे लोकांच्या लक्षातच येत नाहीये. जुना हायवे गावातनं जायचा, टपरी, पंक्चर, धाबा, लॉज, सगळं त्याच्यावर जगायचं, ट्रॅफिक जाम पण तिथंच. समृद्धी तसा नाही. ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूनं कुंपण, चढायचं-उतरायचं फक्त इंटरचेंजवर. तुमच्या शेताच्या बांधाला लागून असला तरी तुम्ही त्याच्यावर जाऊ शकत नाही, इंटरचेंज वीस किलोमीटरवर असेल तर वीस किलोमीटर उलटं जा. समृद्धीच्या वेळी इंटरचेंजजवळ नवनगरं वसवायची, तिथं गोदामं, प्रक्रिया उद्योग असं ठरलं होतं. नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ ला उघडला, शेवटचा इगतपुरीपासूनचा टप्पा जून २०२५ ला. रस्ता पळतोय, पण नवनगरं रस्त्याच्या स्पीडनं आलेली नाहीत एवढंच म्हणतो.

त्यामुळं शक्तिपीठवर भांडताना, आणि कोल्हापूर-सांगलीकडं लोक जोरात भांडतायत, बागायत जाणाऱ्याचं दुःख त्यालाच माहीत, आमच्याकडच्या लोकांनी निदान हा तरी प्रश्न लावून धरावा की इंटरचेंज नक्की कुठं, त्याला तालुक्यातनं जोडरस्ता कोण करणार, आणि त्याचे पैसे ह्याच प्रोजेक्टमध्ये धरलेत का नंतर झेडपीच्या गळ्यात मारणार. आखणी अजून हलतीय, बोलणी चालूच आहेत, म्हणजे हे विचारायची वेळ आत्ता आहे. एकदा का कुंपण पडलं की मग निवेदन देत बसा पंधरा वर्षं. विमानतळाचं तर मी बोलतच नाही, लातूर, धाराशिव, बारामती, यवतमाळ सगळीकडं धावपट्ट्या आहेत, त्यावर किती व्यापार उतरला ते ज्यानं त्यानं बघावं.

माझं तर म्हणणं असं की आमच्यासारख्या गावानं पहिल्यांदा स्टेशनचा मालधक्का मागावा. पक्का, शेड असलेला, रात्री लाईट असलेला, ट्रक वळायला जागा असलेला. रेल्वेचाच मिनी रेक नावाचा प्रकार आहे, वीसेक डब्यांचा, तो पाच-सहा आडते, दोन दालमिल आणि एखादी शेतकरी कंपनी मिळून सीझनला भरू शकतात. २०२१ च्या डिसेंबरात रेल्वेनं गती शक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण आणलं, त्यात खाजगी माणूस स्वतःच्या जागेवर सुद्धा माल चढवायचं टर्मिनल बांधू शकतो. हजार एकर जमीन नको, आंदोलन नको. पण पाच आडते एकत्र बसायला पाहिजेत आणि आमच्याकडं दोन आडते एका लग्नात एका पंगतीला बसत नाहीत, हा खरा प्रॉब्लेम आहे, ह्याला केंद्र सरकार काही करू शकत नाही.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं तर मला वाटलं चिडतील, रेल्वे आली की ह्यांचे ट्रक रिकामे. तर म्हणाले, "लांबचा माल जाऊ दे रेल्वेनं, मला गावातनं धक्क्यापर्यंतच्या रोजच्या चार फेऱ्या दे, त्या परवडतात, टायर पण कमी झिजतं आणि पोरगा रात्री घरी येतो." दिवाळीनंतर यार्डात काही जणांना बोलवायचं त्यांनी मनावर घेतलंय, तूर यायच्या आत. कोण कोण येतंय बघू, मी रेल्वेच्या भाड्याचे आकडे काढून नेणार आहे.